माझा अनुभव: 'डेल्फिन'चं मॉडेल कस्टममधून सोडवताना

बाहेरच्या देशातून जहाजाचं तयार मॉडेल मागवणार असाल तर ऑर्डर द्यायच्या आधी हे वाचा, कारण माझं मॉडेल बनून तयार व्हायला जेवढा त्रास झाला नाही तेवढा ते कस्टममधून सोडवायला झाला आणि अजून आठवलं की डोकं तापतं.

मॉडेल 'डेल्फिन'चं. मोटारवाल्या डॉज भावांपैकी होरेस डॉज यांनी बांधायला दिलेली स्टीम यॉट, २५८ फूट लांब, मुलीचं नाव दिलेली. १९२१ मध्ये ती पाण्यात उतरली पण त्याआधीच, डिसेंबर १९२० मध्ये, होरेस गेले. १९२६ मध्ये न्यूयॉर्कला आग लागून बुडाली, वर काढून परत उभी केली, दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन नौदलात 'डॉन्टलेस' नावाने नौदलप्रमुख अ‍ॅडमिरल किंग यांची फ्लॅगशिप, म्हणजे त्यांचं मुख्य जहाज, झाली. आणि एवढं सगळं होऊनही मूळची वाफेची इंजिनं तिच्यात टिकली! मला पहिल्यापासून हीच यॉट हवी होती, दुसरी कुठलीही नाही.

स्केल १:९६ घेतलं, म्हणजे खऱ्या एका फुटाला एक अष्टमांश इंच. जुने नकाशे फूट-इंचात असतात त्यामुळे हे माप कारागिरांना सोयीचं पडतं, आणि लांबी साधारण ८२ सेंमी होते, घरात मावते. कारागीर उत्तम मिळाला, फोटो वेळेवर पाठवायचा, त्याबद्दल काही तक्रार नाही.

तक्रार आहे ती पुढची. पार्सल आलं आणि अडकलं. ट्रॅकिंगवर रोज तेच वाक्य, 'तपासणीसाठी थांबवले आहे'. फोन उचलत नाहीत म्हणून शेवटी स्वतः गेले तेव्हा कळलं की पाठवणाऱ्या एजंटने कागदावर ८९०३ हा कोड, म्हणजे कस्टममध्ये माल कुठल्या प्रकारचा ते सांगणारा आकडा, टाकलाय. ८९०३ म्हणजे खऱ्याखुऱ्या यॉट आणि बोटी! त्यामुळे माझ्याकडे इंजिनाची क्षमता, हल नंबर (बोटीच्या सांगाड्यावरचा क्रमांक) आणि नोंदणीचे कागद मागत होते. मी म्हटलं साहेब, टेबलावर ठेवायची वस्तू आहे, तर ते म्हणाले, "मॅडम, कागदावर जे आहे तेच आम्ही बघणार." माणूस उद्धट नव्हता, पण खोक्याचं माप त्याच कागदावर लिहिलेलं होतं, तेवढं बघितलं असतं तर माझी ती चक्कर वाचली असती.

स्केल मॉडेल ९५०३ मध्ये येतात, खेळण्यांच्याच गटात. पूर्ण कोड याहून लांब असतो, पण हे पहिले चार आकडे जवळजवळ सगळ्या देशांत सारखेच असतात, त्यामुळे तुम्ही कुठेही असा, कारागिराला आधीच सांगून ठेवा. एजंटकडून दुरुस्तीचं पत्र मिळवायला मेलवर मेल टाकावे लागले. ते मिळालं, वाटलं सुटलो, तर दुसऱ्या टेबलावरच्या बाईंनी इनव्हॉइसवरच्या '१९२१' वर बोट ठेवलं. शंभर वर्षांवरची वस्तू, म्हणजे ९७०६, अँटिक, मग ज्या देशातून आली तिथली निर्यातीची परवानगी दाखवा. अहो, वर्ष यॉटचं आहे, मॉडेलचं नाही, मॉडेल तर आत्ता बनलंय! वय धरायचं ते समोरच्या वस्तूचं, ती ज्याची प्रतिकृती आहे त्याचं नाही. हे मी तोंडी सांगून कोणी ऐकेना, म्हणून कारागिराकडून सहीचं पत्र मागवलं, त्यात मॉडेल कधी बनवलं, कशापासून, किती स्केल, लांबी किती आणि बनवतानाचे तारखेसहित फोटो. त्या पत्रावर काम झालं. तेच पत्र पार्सलच्या आत आणि बाहेर पहिल्यापासून लावून घ्या, माझं ऐका. आणि इनव्हॉइसवर मूळ जहाजाचं वर्ष लिहूच देऊ नका, त्याची गरज नसते.

या सगळ्यात गोदामाचं भाडं चढतच होतं, ते कोणी माफ करत नाही.

मग क्रेट उघडायची वेळ आली. मी समोर उभं राहायची परवानगी मागितली आणि मिळाली, तुम्हीही मागा. डेकच्या कडेचं रेलिंग पितळेच्या पत्र्यातून कोरलेलं असतं, त्याच्या उभ्या दांड्या केसाएवढ्या जाड, आणि पहिल्यांदा बघणाऱ्याचा हात नेमका तिथेच जातो. मॉडेल तळातून दोन बोल्टने लाकडी पाटाला घट्ट बसवलेलं असतं, म्हणून उचलायचं ते पाट धरून, हे मी चार वेळा मोठ्याने सांगितलं आणि त्यांनी ऐकलं. एकही दांडी वाकली नाही, लाइफबोटी जागच्या जागी. तेव्हा कुठे जिवात जीव आला.

हो, क्रेटच्या लाकडावर गव्हाच्या ओंबीचं चिन्ह असलेला आयपीपीसीचा शिक्का आहे ना, हे पाठवण्याआधी फोटोत बघून घ्या. लाकडावर कीड मारायची प्रक्रिया झाल्याची ती खूण आहे, नसेल तर पार्सल परतही जाऊ शकतं. माझ्या क्रेटवर होता म्हणून निदान तो घोळ झाला नाही.

आणि काचेची पेटी करणार असाल तर आत ओकचं लाकूड वापरू नका. बंद पेटीत त्यातून आम्लाची वाफ निघते आणि मॉडेलवर शिशाचे बारीक भाग असतील तर ते पांढरे पडून भुगा होतात. मी कारागिराला सुरुवातीलाच सांगून सगळे नांगर आणि विंच (दोर-साखळी ओढायची यंत्रं) पितळेचे करून घेतले होते, तुम्हीही ऑर्डरमध्येच लिहून टाका, नंतर बदलता येत नाहीत.