आधी शेपूट बघ

"बंदूक नंतर, आधी शेपूट ओळखायला शीक," असे आज अमेरिकेतल्या लुइझियाना राज्याच्या दलदलीत न्यूट्रियाची शिकार शिकताना होडी थांबवून सोबतच्या जुन्या शिकाऱ्याने मला बजावले.

शेपूट दोन्ही बाजूंनी चपटे असेल तर तो इथला मूळचा मस्करॅट, पाण्यात राहणारा उंदरासारखा प्राणी. ते उंदरासारखे गोल असेल, मिशा पांढऱ्या आणि पुढचे दात गडद नारिंगी असतील, तर तो दक्षिण अमेरिकेतून आणलेला न्यूट्रिया, तसाच पण मोठा कुरतडणारा प्राणी; शिकार करायची ती याचीच. पोहताना बहुधा डोकेच दिसते, त्यामुळे नवशिक्याचा बराचसा वेळ नुसते निरखण्यातच जातो, आणि तो तसा जावा हे मलाही पटले.

परवाना, जमीनमालकाची संमती आणि नोंदणी हे सोपस्कार झाले की हंगामात जमा केलेल्या, किमान ७ इंच लांबीच्या न्यूट्रियाच्या प्रत्येक शेपटीमागे राज्य सरकार ६ डॉलर देते.

मन अडकले ते या हिशेबात. १९३० च्या दशकात फरसाठी आणलेला हा प्राणी फरला भाव होता तोवर बराचसा आटोक्यात राहिला. १९८० च्या दशकात मागणी कोसळल्यावर सापळे कमी झाले, त्याची संख्या वाढली, आणि माती धरून ठेवणाऱ्या वनस्पती तो मुळासकट खात गेल्याने जागोजागी जमिनीऐवजी उघडे पाणी उरले. आता मोल आहे ते शेपटीला; ज्या कातडीसाठी त्याला आणले, ती बहुतेकदा (खाण्याजोग्या मांसासह) वाया जाते.

कातडीला आणि मांसाला पुन्हा गिऱ्हाईक मिळाले, तर शिकार वाढेल, की कोणी हा प्राणी पुन्हा पाळायला लागेल?