गाडीखालची स्टेपनी

सर मंगळवारी पहाटे नाशिकहून गाडीनं निघणार होते. आग्रा रोडनं हिमाचलात मनाली, तिथून ग्रांफू, बातल, कुंझुम खिंड, स्पितीतलं काझा आणि पुढे इ.स. 996 मध्ये स्थापन झालेला ताबोचा मठ. आयुष्यभर इतिहास शिकवलेला माणूस, सोबत काकू.

सोमवारी गाडी पाथर्डी फाट्याला माझ्या गॅरेजात आली, तेव्हा टपावर महागडी लाइटची पट्टी होती. ॲक्सेसरीवाल्यांचा मला राग येतो. ग्रांफूच्या पुढे बराचसा रस्ता कच्चा, दगडगोट्यांचा. नाले दुपारी बर्फाच्या पाण्यानं फुगतात, म्हणून ते सकाळीच ओलांडायचे. मग रात्रीच्या लाइटचं तिथं काम काय? तिथं टायरची साइडवॉल, म्हणजे बाजूची भिंत, फाटते, आणि ती फाटली की पंक्चरची स्ट्रिप टिकत नाही. चाकच बदलावं लागतं.

बूश, टायरॉड, ब्रेक पाहिले, बेल्ट बदलला. हवेचं सरांना कागदावर मांडून दाखवलं: नाशिक साधारण 600 मीटरवर, कुंझुम 4,500 च्या वर. बाहेरची हवा विरळ झाली की तेच टायर गेजवर पाचेक पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) जास्त दाखवतं. थंडीनं त्यातलं थोडं कमी होतं. म्हणून हवा थंड टायरवरच, सकाळी तपासायची.

"स्टेपनी?"

"नवीकोरी आहे रे. चार वर्षांत एकदाही काढली नाही."

या गाडीची स्टेपनी मागे चासीखाली साखळीला टांगलेली असते. डिकीजवळच्या भोकातून लांब दांडी घालून फिरवली की साखळी सैल होत चाक खाली येतं. मी दांडी फिरवली. हलेना. पोऱ्याला बोलावलं, दोघांनी जोर लावला, तर दांडीच वाकली. चार पावसाळ्यांचा चिखल आत बसून सगळं गंजानं धरलं होतं. ऑइल मारून तासभर थांबलो, शेवटी ग्राइंडरनं साखळी कापली. व्हॉल्व्हचं तोंड वरच्या बाजूला होतं, त्यामुळे खाली न उतरवता हवा कुणी तपासली असणं शक्यच नव्हतं. गेज लावला. 11 पीएसआय. चाक जवळपास बसलेलंच.

सर म्हणाले, "बरं झालं, तू पाहिलंस."

मला बरं वाटलं नाही. गाडीचं सर्व्हिस कार्ड समोर होतं. मागच्या दोन्ही वेळा 'स्टेपनी: ओके', खाली माझी सही. खाली वाकायचं, हातानं टायर थोपटायचं, टिक करायची. सगळे असंच करतात, मीही केलं.

साखळीची नवी यंत्रणा संध्याकाळी मिळाली. बसवली, आणि मग दोघांना गॅरेजातच चाक बदलायला लावलं. दांडी काकूंनी फिरवली. पहिल्या वेळी पाऊण तास लागला, दुसऱ्या वेळी पंचवीस मिनिटं.

काल काझाहून फोन आला. स्टेपनी लागलीच नाही.

इथं मी बुधवारपासून सात गाड्यांच्या स्टेपन्या खाली उतरवून पाहिल्या. दोन उतरल्या नाहीत. त्या दोन्ही कार्डांवर सही माझीच आहे.