मूकपटातला शेरलॉक होम्स आमच्या कट्ट्यावर: माझा अनुभव

आधीच सांगून टाकते, पुस्तकातला होम्स जसाच्या तसा बघायची ज्यांची हौस आहे त्यांनी मूकपटांच्या वाटेला जाऊ नये. आमच्या वाचनकट्ट्यात अशी मंडळी भरपूर आहेत, आणि तरी मी त्यांना सोसायटीच्या हॉलमध्ये बसवून मूकपट दाखवले. कोणाला असा कार्यक्रम करायचा असेल तर उपयोग होईल म्हणून जरा सविस्तर लिहितेय.

झालं असं की कट्ट्यावर बरेच महिने होम्सचा लेखक आर्थर कॉनन डॉइल वाचणं चालू होतं, कोणी इंग्रजीतून कोणी मराठी अनुवादातून, आणि शेवटी एक सिनेमा बघूया असं ठरलं. टीव्हीवरची जेरेमी ब्रेटची होम्स मालिका सगळ्यांची पाठ, नव्या मालिकेतला होम्स कंबरबॅच, त्याच्यावरून दोन तट पडलेले. मग मी म्हटलं एकदम मुळाशी जाऊ, डॉइल हयात असताना निघालेले सिनेमे बघू. तो गेला १९३० साली, म्हणजे होम्सचे सगळे मूकपट त्याच्या हयातीतच निघालेत. यावर कट्ट्यातले एक काका खूश झाले, लेखक समोर असताना कोण कशाला गोष्टीत ढवळाढवळ करेल असं त्यांचं म्हणणं. मी काही बोलले नाही, कारण तोवर यादी करायला घेतली होती आणि काय काय ढवळलंय ते दिसायला लागलं होतं.

सगळ्यात जुना सिनेमा १९०० सालचा, 'शेरलॉक होम्स बॅफल्ड', जेमतेम अर्ध्या मिनिटाचा. म्युटोस्कोपसाठी काढलेला, म्हणजे पेटीला डोळे लावायचे, हँडल फिरवायचं आणि आतली कार्डं भराभर उलटत जातात ते मशीन. ड्रेसिंग गाऊनमधला एक माणूस खोलीत येतो, चोर थैलीत माल भरतोय, हा त्याच्या खांद्यावर हात ठेवतो तर चोर गायब. हा निवांत बसून सिगार पेटवतो तर चोर परत हजर. पिस्तूल झाडलं, परत गायब! शेवटी थैली होम्सच्या हाती लागते, तर तीही हातातून नाहीशी होऊन चोराकडे जाते आणि तो खिडकीतून पसार. कॅमेरा थांबवून माणूस बाजूला करायचा आणि परत चालू करायचा, एवढीच ट्रिक. तर्क नाही, होम्सचा मित्र वॉटसन नाही, डॉइलची कुठली कथाही नाही, फक्त नाव होम्सचं. हा टिकला तोही गंमतशीर कारणाने, तेव्हा अमेरिकेत सिनेमाचा असा कॉपीराइट नव्हता म्हणून फ्रेम कागदावर छापून फोटो म्हणून सरकारदरबारी जमा करायचे, तो कागद राहिला आणि १९६८मध्ये सापडला.

पुढची काही वर्षं तर नुसता धुमाकूळ आहे. डेन्मार्कच्या नॉर्डिस्क कंपनीने १९०८पासून होम्सचे सिनेमे काढले आणि त्यात होम्ससमोर उभा केला रॅफल्स. आता हा रॅफल्स म्हणजे हॉर्नंग नावाच्या लेखकाचा सभ्य चोर, आणि हॉर्नंग कोण तर डॉइलच्या सख्ख्या बहिणीचा नवरा, म्हणजे घरातल्या घरातच मारामारी लावून दिली. अमेरिकेत त्याच वर्षी एका कंपनीने एडगर अ‍ॅलन पोच्या रू मॉर्गच्या खुनांची गोष्ट घेतली, त्यातलं माकड घेतलं, आणि ते शोधायला पोच्या ड्युपाँ या डिटेक्टिव्हऐवजी होम्सला पाठवलं. (रहस्य फोडलं म्हणून ओरडू नका, १८४१ची कथा आहे.) यातलं बहुतेक सगळं आज उपलब्धच नाही, जाहिरातींवरून आणि तेव्हाच्या वर्णनांवरून कळतं तेवढंच, त्यामुळे निवड करायचा माझा त्रास कमी झाला.

निवडीनंतर परवानगीचा प्रश्न. आपल्याकडे सिनेमाचा कॉपीराइट प्रदर्शनानंतर साठ वर्षं, म्हणजे मूळ सिनेमे कधीच मोकळे झालेत. पण रिस्टोअर केलेली प्रत, तिचं नवीन संगीत, नव्याने बनवलेल्या पाट्या (मध्येमध्ये पडद्यावर संवाद लिहून दाखवतात त्या), यावर कोणाचे तरी हक्क असू शकतात. डिस्क विकत मिळते ती घरी बघायला, हॉलमध्ये दाखवायची तर विचारायला हवं. मी सरळ मेल टाकला, किती माणसं, तिकीट नाही, वाचकांचा ग्रुप आहे वगैरे, आणि थोडी फी भरून परवानगी मिळाली. जुन्या, रिस्टोअर न केलेल्या प्रती नेटवर असतात त्यांचं वेगळंच दुखणं, स्पीड. तेव्हा कॅमेरा हाताने फिरवायचे, सेकंदाला साधारण सोळा ते वीस फ्रेम, आणि तेच चोवीसने चालवलं की होम्स कोंबडीसारखा टुणटुण पळतो. व्हीएलसी प्लेयरमध्ये स्पीड ०.७५ करा, बऱ्यापैकी माणसात येतो.

सगळ्यात जास्त वेळ गेला तो पाट्यांमध्ये. सबटायटल करत बसायची माझी तयारी नव्हती, म्हणून ठरवलं की पाटी पडली की मी माईकवरून मराठीत वाचणार. हे काही माझं डोकं नाही, मूकपटांच्या जमान्यात आपल्याकडे थिएटरात पाट्या मोठ्याने वाचून दाखवणारा माणूस असायचाच. त्यासाठी प्रत्येक पाटीचं मराठी लिहून काढलं, आणि हे करताना मला मूळ कथांशी केलेल्या या सगळ्या बेइमानीचं खरं कारण समजलं. होम्सची कथा म्हणजे मुख्यतः बोलणं. माणूस आला, होम्सने त्याच्या बाहीकडे बघितलं, आणि मग पानभर तो का, कसं, कुठून ते सांगणार. ते पानभर पाटीवर कसं येणार? पाटीवर दोन-तीन ओळी, त्या वाचून होईपर्यंत गोष्ट थांबलेली. एका रिळाचा सिनेमा दहा-पंधरा मिनिटांचा, त्यात चार तर्क मांडले तरी निम्मा सिनेमा वाचनातच संपेल. मग दिग्दर्शक काय करणार, तर्क काढून टाकणार आणि वेषांतर, गुप्त दरवाजे, पाठलाग घालणार, कारण ते न बोलता दिसतं.

याचा उत्तम नमुना १९१२चा 'द कॉपर बीचेस', एक्लेर या फ्रेंच कंपनीच्या मालिकेतला, होम्स झालाय जॉर्ज त्रेव्हिल. ही मालिका लेखकाच्या देखरेखीखाली झाली असं छापून जाहिरात होती, म्हणजे आमच्या काकांना हवी तशी. मूळ कथा आठवा. व्हायोलेट हंटर बेकर स्ट्रीटवर होम्सच्या घरी येते आणि विचारते, मला भरपूर पगार देतायत पण केस कापायला सांगतायत, ठराविक निळा ड्रेस घालायला आणि म्हणतील तिथे बसायला सांगतायत, हे काय आहे? हे काय आहे, यातच सगळी कथा. सिनेमात काय दाखवलंय, तर सुरुवातीलाच बाप मुलीला कोंडून ठेवतो! तिचा प्रियकर दिसतो, बापाचा डाव दिसतो, तिच्यासारखी दिसणारी मुलगी कशाला नोकरीला ठेवली तेही आपल्याला माहीत. होम्स उगवतो तो बऱ्याच उशिरा, आणि आपल्याला जे आधीच ठाऊक आहे ते शोधून काढतो. हॉलमध्ये हे चालू असताना एक मावशी मोठ्याने म्हणाल्या, "याला सांगा ना कोणीतरी, वर कोंडलीये ती!" सगळे हसले पण माझं मत विचाराल तर यादीतला सगळ्यात नीरस सिनेमा हाच, लेखकाची संमती असलेला. डॉइलला हे हक्क विकल्याचा पुढे पश्चात्ताप झाला तो मात्र पैशासाठी, जेवढ्याला विकले त्याच्या बरोबर दहापट देऊन त्याला ते परत घ्यावे लागले, हे त्याने आत्मचरित्रात लिहून ठेवलंय.

मुख्य सिनेमा मी ठेवला १९१६चा, विल्यम जिलेटचा. हा माणूस नट आणि नाटककार, १८९९पासून होम्सचं नाटक करत आलेला, प्रयोग हजाराच्या वर. (इंग्लंडमध्ये या नाटकात होम्सचा पोऱ्या बिली कोण करायचा, तर शाळकरी वयाचा चार्ली चॅप्लिन.) सिनेमा कित्येक दशकं हरवलेला होता, २०१४मध्ये पॅरिसच्या सिनेमातेक फ्रांसेज या सिनेमा-संग्रहालयात त्याची निगेटिव्ह सापडली, फ्रान्समध्ये चार भागांची मालिका करून दाखवण्यासाठी बनवलेली, त्यामुळे पाट्या फ्रेंच. रिस्टोअर करून पुढच्या वर्षी दाखवला. जवळजवळ दोन तासांचा आहे, मध्ये चहाची सुट्टी ठेवा.

आता बेइमानीचं म्हणाल तर यात कळस आहे. 'अ स्कँडल इन बोहेमिया'मधली पत्रं आणि आगीची खोटी आरोळी घेतली, 'द फायनल प्रॉब्लेम'मधला होम्सचा शत्रू मोरियार्टी घेतला, 'स्कँडल'मध्ये होम्सला हरवणाऱ्या आयरीन अ‍ॅडलरला दिला डच्चू आणि तिच्या जागी आणली अ‍ॅलिस फॉकनर, बिचारी, सरळ, दुष्ट नवराबायकोने घरात डांबलेली. आणि होम्स तिच्या प्रेमात पडतो! वॉटसनसमोर कबूल करतो! आमच्या कट्ट्यावर इथे कुजबुज सुरू झाली. होम्सला भावना म्हणजे यंत्रात गेलेली वाळू, हे डॉइलचं म्हणणं सगळ्यांना तोंडपाठ, आणि समोर त्रेसष्टीला आलेला जिलेट तिशीही न गाठलेल्या वाटणाऱ्या पोरीकडे बघत उसासे टाकतोय.

पण मग लंडनच्या स्टेपनी भागातल्या गॅस चेंबरचा प्रसंग आला. बंद खोली, गॅस सोडायची तयारी, मोरियार्टीची माणसं चारी बाजूला, होम्स आरामात सिगार ओढतोय. तो हळूच खुर्ची उचलतो आणि दिवा फोडतो. काळोख. गुंड ओरडतात (पाटी येते, मी वाचते) की त्याच्या सिगारवर लक्ष ठेवा, आणि काळोखात ते लाल टोक खिडकीपाशी दिसतं, सगळे तिकडे झेपावतात. उजेड आणतात तर सिगार खिडकीत अडकवलेली आणि होम्स अ‍ॅलिसला घेऊन दाराबाहेर. हे डॉइलने लिहिलेलं नाही, पण होम्सचं डोकं कसं चालतं ते या एका ठिपक्यात आहे, एकही शब्द न बोलता. मघाशी कुजबुजणाऱ्यांनी टाळ्या वाजवल्या. मला वाटतं ज्याने शेकडो रात्री प्रेक्षकांसमोर हे करून बघितलंय त्यालाच इतकं अचूक माहीत असतं की लोक कुठे श्वास रोखतात.

संगीताचं सांगायचं राहिलं. चहाच्या आधीच्या छोट्या सिनेमांना आमच्या इमारतीतल्या एका काकांनी पेटीवर साथ केली. लुमिएर बंधूंचे सिनेमे मुंबईत पहिल्यांदा दाखवले ते ७ जुलै १८९६ला, वॉटसन हॉटेलमध्ये, हे मी प्रस्तावनेत सांगितलं तेव्हा अर्ध्या लोकांना मी वॉटसनवरून विनोद करतेय असंच वाटलं. पेटीवाल्या काकांनी 'बॅफल्ड'च्या अर्ध्या मिनिटात चोर गायब झाला की एक झटकन तान आणि परत आला की तीच उलटी, असं काही केलं की तो आम्हाला तीनदा लावावा लागला.

वेळेअभावी जे राहिलं ते थोडक्यात. जर्मनीचा १९१४चा 'डेअर हुंट फॉन बास्करव्हिल', डॉइलच्या बास्करव्हिलच्या कुत्र्याच्या कादंबरीवरचा, कॅमेरामन कार्ल फ्रॉयंड, याचे इतके पुढचे भाग निघाले की त्यांचा आणि कादंबरीचा संबंध नावापुरता उरला. त्याच रिखार्ड ओस्वाल्डने, ज्याने हा लिहिला होता, १९२९मध्ये तीच गोष्ट दिग्दर्शक म्हणून परत केली, बरीच इमानदारीत, आणि ती प्रत पोलंडमध्ये सापडली. जॉन बॅरीमोर या नटाचा १९२२चा सिनेमाही जिलेटच्याच नाटकावरचा, म्हणजे अ‍ॅलिस परत आलीच.

आणि इल नॉरवुड या नटाचे इंग्लंडमधले १९२१ ते १९२३चे सिनेमे, एकूण सत्तेचाळीस, हे खरं म्हणजे कथांना बऱ्यापैकी धरून आहेत. नॉरवुडचं काम डॉइलला मनापासून आवडलं होतं. त्याची तक्रार एकच, की यात टेलिफोन आणि मोटारगाड्या घातल्यात, जे व्हिक्टोरियन होम्सच्या स्वप्नातही नव्हतं. हे मी शेवटी सांगितलं, आणि आधी हेही सांगून झालं होतं की जिलेटने नाटकाच्या वेळी तारेने विचारलं होतं होम्सचं लग्न लावू का, तर डॉइलने कळवलं होतं की लग्न लाव, खून कर, काय वाटेल ते कर.

मघाच्या मावशी म्हणाल्या, "म्हणजे लग्न चालतं, फोन चालत नाही?"

लेखकावर भरवसा ठेवून आलेले काका यावर काहीच बोलले नाहीत, पण पुढच्या वेळी बॅरीमोर लावायचा आग्रह त्यांचाच आहे. पेटीवाल्यांना सिनेमा आठवडाभर आधी हवाय, त्यामुळे मी पाट्या लिहायला घेतल्यात.