भंगारवाल्याने नाकारलेले

किनारा साफ करायला निघायचे असेल, तर पंचांग हाताशी असावे लागते. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते, हा मुंबईच्या किनाऱ्यावरचा जुना हिशेब आहे. त्यानुसार चतुर्थीला भरती साधारण तीन वाजता असते आणि ओहोटी नऊच्या सुमारास. म्हणून तृतीयेचा किंवा चतुर्थीचा रविवार आला, की मी सकाळी सातला वर्सोव्याच्या वाळूवर जातो, कारण पाणी पुन्हा वर चढेपर्यंत तीनेक तास निवांत मिळतात. अष्टमीला मात्र भरतीच सहाला असल्यामुळे सकाळी लवकर जाऊन उपयोग नसतो. नव्याने येणाऱ्यांना हे सांगावे लागते, आणि हेही सांगावे लागते की वाळूत रुतलेली पिशवी ओढायची नसते. ओढली की ती फाटते आणि अर्धी आत राहते. आधी हाताने किंवा फावड्याने बाजूची वाळू मोकळी करायची आणि मग ती सबंध बाहेर काढायची. एका पिशवीमागे दोन-तीन मिनिटे सहज जातात.

या किनाऱ्याची कथा बहुतेकांना ठाऊक आहे. ऑक्टोबर २०१५ मध्ये अफरोज शाह या वकिलाने एका वृद्ध शेजाऱ्यासह येथे कचरा उचलायला सुरुवात केली, पुढे शेकडो माणसे जोडली गेली, २०१६ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने शाह यांचा गौरव केला, आणि मार्च २०१८ मध्ये याच वाळूतून ऑलिव्ह रिडले कासवांची पिल्ले समुद्राकडे जाताना दिसली. ही कथा खरी आहे आणि मला प्रिय आहे. परंतु ती ऐकणाऱ्याला काम संपले असे वाटते, आणि तसे ते नाही. पावसाळ्यात अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला लाटा एका रात्रीत जे आणून टाकतात, ते उचलायला पुढचे कित्येक रविवार लागतात.

इतकी वर्षे वाकून कचरा वेचल्यावर एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. भंगारवाल्याकडे ज्या वस्तूला भाव आहे, ती किनाऱ्यावर त्या मानाने कमी सापडते. जाड प्लास्टिकच्या बादल्या, खुर्च्या, डबे आणि बऱ्याच बाटल्या वाटेतच कोणीतरी उचललेल्या असतात. आमच्या गोणीत येतात त्या पातळ पिशव्या, शांपूच्या आणि गुटख्याच्या पुड्या, वेफर्सची चकचकीत पाकिटे, थर्माकोलचे तुकडे आणि एका पायाच्या चपला. पुडीचे वेष्टन तर दोन-तीन निरनिराळे थर चिकटवून केलेले असते. ते थर सुटे करणे परवडत नाही, म्हणून ती कोणी विकत घेत नाही. महाराष्ट्राने २०१८ मध्ये पिशव्यांवर बंदी घातली, १ जुलै २०२२ पासून काही एकदाच वापरायच्या वस्तूंवर देशभर बंदी आली; पण पुडी या दोन्हींतून बऱ्याच अंशी सुटली. समुद्रातल्या प्लास्टिकवर उपाय शोधताना जो विचार व्हायला हवा, तो मला येथून सुरू झालेला बरा वाटतो.

याउलट जगाचे लक्ष असते ते भर समुद्रात. बोयान स्लाट या डच तरुणाने २०१३ मध्ये 'द ओशन क्लीनअप' ही संस्था काढली आणि सप्टेंबर २०१८ मध्ये ६०० मीटर लांबीचा तरंगता अडसर सॅन फ्रान्सिस्कोहून प्रशांत महासागरात पाठवला. वारा-लाटांच्या जोरावर तो प्लास्टिकपेक्षा वेगाने सरकेल आणि ते कवेत घेईल, अशी अपेक्षा होती. प्रत्यक्षात तो कधी वेगाने तर कधी मंद चालत होता, त्यामुळे आलेला कचरा पुन्हा बाहेर निघून जाई; वर्षअखेरीस त्याचा टोकाकडचा भागही तुटला. पुढे संस्थेने दोन जहाजांमध्ये ताणलेले जाळे वापरायला घेतले आणि त्यात प्लास्टिक खरोखर सापडू लागले. चूक उघडपणे मान्य करून रचना बदलणाऱ्या माणसांची मी थट्टा करणार नाही. माझी अडचण साध्या भागाकाराची आहे. कॅलिफोर्निया आणि हवाई यांच्यामधल्या कचऱ्याच्या त्या कुप्रसिद्ध पट्ट्याविषयी २०१८ मध्ये जो अंदाज प्रसिद्ध झाला, त्यानुसार सुमारे १६ लाख चौरस किलोमीटरमध्ये ७९,००० टन प्लास्टिक आहे. म्हणजे एका चौरस किलोमीटरला जेमतेम पन्नास किलो! आम्ही दहा जण ओहोटीला एवढे वजन तासाभरात गोण्यांत भरतो. शिवाय पाण्यावर तरंगते ते पॉलिथिन आणि पॉलिप्रॉपिलिन. नायलॉन, पीव्हीसी आणि झाकण उघडलेली पेट बाटली तळाशी जाते, तिथे हे जाळे पोहोचत नाही.

आणखी एक प्रश्न सागरी जीवशास्त्रज्ञांनी उपस्थित केला आहे. ज्या वाऱ्याने आणि प्रवाहाने प्लास्टिक एकत्र येते, त्यानेच पृष्ठभागावर तरंगणारे जीवही एकत्र येतात. पावसाळ्यात जुहूला वाहून येणारे निळे 'ब्ल्यू बॉटल' मुंबईकरांनी पाहिलेले आहेत; ते याच तरंगत्या वस्तीतले. प्लास्टिक गाळताना हे जीव किती गाळले जातात, याचा हिशेब त्याच कागदावर मांडला गेला पाहिजे.

त्यामुळे कचरा दाट आहे तिथेच तो अडवावा, या विचाराकडे मी हळूहळू वळलो. २०२१ मधल्या एका अभ्यासाने हजाराहून अधिक नद्यांमधून ८० टक्के नदीवाटेचे प्लास्टिक समुद्रात जाते असे मांडले, आणि त्यांत शहरांतून वाहणाऱ्या लहान नद्यांचा वाटा मोठा दाखवला. हे वाचताना विहार-पवईपासून माहीमच्या खाडीपर्यंत जेमतेम अठरा किलोमीटर वाहणारी मिठी कोणाला आठवणार नाही? बाल्टिमोरमध्ये २०१४ पासून जोन्स फॉल्स या नदीच्या मुखाशी प्रवाहावर फिरणारे एक चाक कचरा पट्ट्यावर चढवून डब्यात टाकते. ॲमस्टरडॅममध्ये २०१९ मध्ये कालव्याच्या तळाशी भोके पाडलेली नळी तिरपी टाकून बुडबुड्यांचा पडदा उभारला, जो कचऱ्याला वर आणि कडेला ढकलतो. मुंबईच्या नाल्यांत मात्र भरतीला पाणी उलटे फिरते आणि जुलैच्या एका सरीत पातळी पाहता पाहता चढते. तेथे उभारलेल्या अडसराने पाणी तुंबले, तर २६ जुलै २००५ पाहिलेली वस्ती तो अडसर एक रात्रही ठेवू देणार नाही, आणि ते योग्यच होईल.

पण प्रवाहाच्या तोंडाशी पिशवी धरून बसण्याची कल्पना आपल्याकडे नवी नाही. कोळ्यांचे डोल जाळे हेच करते: खुंटांना बांधलेले, तोंड प्रवाहाकडे, भरती-ओहोटीच्या ओढीने जवळा आणि बोंबील आत येतात. आता त्यांच्याबरोबर प्लास्टिकही येते. एका तांडेलाशी, म्हणजे बोटीच्या प्रमुखाशी, मी याविषयी बोललो. ते निवडायला खलाशांचा किती वेळ जातो ते त्यांनी सांगितले. निवडल्यावर काय करता, असे विचारले, तेव्हा ते शांतपणे म्हणाले, "परत दर्यात. बंदरावर उतरवायचं कुठं, आणि घेणार कोण?" मला त्यात बेपर्वाई दिसली नाही, तो अगदी व्यवहारी प्रश्न होता.

या प्रश्नाचे उत्तर केरळने २०१७ मध्ये देऊन पाहिले. कोल्लमजवळच्या शक्तिकुलंगरा बंदरात 'शुचित्व सागरम्' या योजनेखाली बोटींना पिशव्या दिल्या, जाळ्यात आलेले प्लास्टिक परत आणायला सांगितले, ते धुऊन वेगळे करण्यासाठी स्त्रियांना मजुरीवर घेतले आणि त्याचा चुरा करून डांबरी रस्त्यात मिसळला. रस्त्याची झीज झाल्यावर त्या चुऱ्याचे काय होते, ही शंका माझ्या मनात आहे, आणि पीव्हीसी त्यात जाता कामा नये हे तर निश्चित. तरीही या योजनेत उतरवायची जागा होती आणि घेणारी माणसे होती. दक्षिण कोरियात तर मच्छीमारांनी आणलेला कचरा सरकार २००३ पासून चक्क विकत घेत आले आहे.

आपल्याकडे पैसे कोण देणार, असे विचारणाऱ्यांना मी एका निर्णयाची आठवण करून देतो. जाळ्यात संरक्षित कासव किंवा बहिरी मासा (व्हेल शार्क) अडकला आणि त्याला सोडण्यासाठी जाळे कापावे लागले, तर महाराष्ट्र शासन २०१८ पासून मच्छीमाराला २५,००० रुपयांपर्यंत भरपाई देते. बाजारात न विकल्या जाणाऱ्या गोष्टीसाठी कोळ्याला मोबदला देता येतो, हे येथे एकदा मान्य झालेले आहे. पुड्या भरलेल्या गोणीला तोच न्याय लावायचा, बंदरावर एक पत्र्याची शेड, एक वजनकाटा आणि निवडणाऱ्या चार बायकांची रोजची मजुरी एवढीच सोय करायची, आणि तो खर्च पुड्या बनवणाऱ्यांकडून वसूल करायचा. तांडेलांना मी हे सांगितले, तेव्हा त्यांनी गोणीला किती मिळतील असे विचारले. आकडा माझ्याकडे नव्हता. पुढच्या चतुर्थीला जाण्यापूर्वी तो नीट मांडायचा आहे: एका बोटीमागे रोज किती किलो येते, ते मोजण्यासाठी मी त्यांच्याकडे एक तराजू देऊन आलो आहे.