ओंकार म्हणे!

साडेबारा वाजलेत. केमिस्ट्रीचं पुस्तक उघडून ठेवलंय म्हणजे बाबा पाणी प्यायला उठले तरी प्रश्न नको. झोप येत नाहीये आणि कारण इतकं फालतू आहे की लिहितानापण लाज वाटतेय. एका मोबाईलवर एक नाव दिसलं. बस. एवढंच झालंय.

आज घाटावर उत्सवाचा महाप्रसाद होता. सानीने ओढणी कमरेला खोचली, आमटीची बादली उचलली आणि फोन माझ्या हातात कोंबला, "धर गं आज्जी, आमटीत पडेल." मी आपली मांडवाच्या खांबाला टेकून दोन हातात दोन फोन घेऊन उभी, मोबाईल शॉपीवाल्यासारखी. आणि तिचा थरथरला. ओंकार. नुसतं ओंकार. पुढे आडनाव नाही, मागे क्लास नाही, फोटो नाही, बदाम नाही. बदाम असता तर बरं झालं असतं एकवेळ, निदान चिडवता तरी आलं असतं.

मला आधी वाटलं क्लासमधला ओंकार, पहिल्या बाकावरचा, ज्याला सगळी फॉर्म्युले पाठ असतात आणि आपण काही विचारलं की घसा साफ करतो. म्हटलं हा कशाला करतोय फोन सानीला? आणि सहज मान वर केली तर पंगतीच्या पलीकडे पायऱ्यांवर, जिथे चपलांचा ढीग होता ना तिथे, भोप्या उभा. कानाला फोन. इकडेच बघत. माझ्याकडे नाही हां. आमटीच्या बादलीकडे.

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला की भोप्याचं नाव ओंकार आहे.

म्हणजे माहीत होतं, माहीत नसायला काय झालं, पहिलीपासून हजेरीत ऐकतेय. पण ते हजेरीपुरतं. हजेरी संपली की तो भोप्याच. त्याची आई त्याला भोप्या म्हणते, पंक्चरवाले काका भोप्या म्हणतात, दहावीच्या निकालाला त्याच्या आजीने अख्ख्या आळीत पेढे वाटले तेपण "आमच्या भोप्याचे" म्हणून वाटले, आणि शेजारच्या नव्या काकूंना बिचाऱ्यांना कळेना की हा पोरगा आहे का दुकान. जगात एक माणूस असा नाहीये जो त्याला ओंकार म्हणतो. असं मला आज संध्याकाळी साडेसातपर्यंत वाटत होतं.

फोन वाजून वाजून बंद पडला. मी उचलला नाही आणि कटपण केला नाही, नुसती धरून बसले, गरम भांडं धरल्यासारखी. त्याने मोबाईल खिशात टाकला आणि पत्रावळी उचलायला लागला. सानी आली, बादली टेकवली, हात पुसले. मी म्हटलं, कुणाचा तरी फोन येऊन गेला. तर ही स्क्रीनकडे न बघता म्हणते, "आईचा असेल."

तिची आई आमच्यापासून चार पावलांवर जिलेबी वाढत होती.

मी काहीच बोलले नाही. जिलेबी खाल्ली. दोन खाल्ल्या. घरी येऊन आईने विचारलं का गं तोंड असं, मी म्हटलं जागरणामुळे. आई म्हणाली कसलं जागरण, रोज दहाला घोरतेस. आई पण ना. तिचं आणि बाबांचं काय चाललंय ते एक वेगळंच, ते आत्ता नको.

ओंकार.

आधी मी स्वतःची समजूत घातली की घरी कळू नये म्हणून तिने असं सेव्ह केलं असेल. पण हे काही पटेना. भोप्या नावाने रात्री अकराला जरी फोन आला ना, तरी सानीच्या घरी कुणी ढुंकून बघणार नाही, उलट काकू म्हणतील विचार त्याला जेवला का. लपवायचंच असेल तर भोप्या हे सगळ्यात सेफ नाव आहे. ओंकारनेच तर संशय येतो! म्हणजे तिने लपवायला नाही केलेलं. म्हणजे कधीतरी एकटी बसून तिने एडिट दाबलं, भोप्या खोडलं, एकेक अक्षर टाईप करून ओंकार लिहिलं आणि सेव्ह केलं. कारण तिला तसंच म्हणावंसं वाटलं. मला हे जास्त लागतंय. ते दोघं फिरतात का, बोलतात का, कधीपासून, हे सगळं नंतर. आधी मला हे सांगा की तिला तो ओंकार कधी दिसला? मी कुठे होते? मी तर रोज बरोबरच असते.

गेल्या वर्षी मेमधे, दहावी संपल्यावर, आम्ही दोघी ढोल्या गणपतीच्या मागे बसलो होतो. ती माशासारखी भिंत आहे ना, तिच्या टोकाशी. सहावीत आमचा तिघांचा प्रोजेक्ट होता त्या देवळावर. सानीने पावलं टाकून सगळं मोजलं, मी चांगल्या अक्षरात लिहिलं की हे मंदिर 1762 साली गणपतराव रास्ते यांनी बांधले व कृष्णेच्या पुराचे पाणी दुभंगून दोन्ही बाजूंनी निघून जावे म्हणून मागील भिंत मत्स्याकार केली, आणि भोप्याने रंग दिला आणि रंग देता देता विचारलं, भिंतीला लागत असेल का गं पाणी? आम्ही इतक्या हसलो होतो. तर तिथेच बसून मी सानीला सांगितलं. सांगितलं म्हणजे काय, अर्धं वाक्य बोलले. म्हटलं, मला ना, भोप्या, म्हणजे तसा... आणि ती म्हणाली, "ई! भोप्या?"

ई. आणि त्यावर ती हसली आणि मग मीपण हसले. काय करणार होते. "ई" झाल्यावर पुढे बोलायला काही जागाच उरत नाही. मी म्हटलं अगं गंमत केली, आणि आम्ही उठलो आणि भेळ खाल्ली.

आता कळतंय ती खोटं बोलत नव्हती. भोप्याला ई च म्हणतात. ओंकारला नाही म्हणत.

बरं, माझं तरी काय होतं असं मोठं? मेणवलीचं एक होतं. पोरं सायकली काढून गेलो होतो, सानी नव्हती त्या दिवशी, तिच्याकडे पाहुणे होते. तसं मेणवली म्हणजे काय तीन किलोमीटर, आम्ही शंभरदा गेलोय, नाना फडणवीसांचा वाडा आणि घाट आणि ती मोठी घंटा, वसईहून आणलेली. शूटिंग असलं की तिथे नुसती गर्दी आणि नसलं की म्हशी. येताना माझी चेन पडली. बाकीचे पुढे गेले आणि भोप्या थांबला. थांबला म्हणजे हिरोसारखा नाही हां, "तुला काय येतं का गं काय, आज्जी" असं ओरडत थांबला. चेन बसवली आणि ग्रीसचे काळे हात स्वतःच्या पांढऱ्या शर्टाला पुसले. नवा शर्ट होता. मी म्हटलं अरे काकू मारतील, तर तो शर्टाकडे बघून असा काही दचकला की जणू ते हात दुसऱ्याच कुणाचे होते. आणि मग हसला. त्या हसण्यात मला पोटात काहीतरी झालं. एवढंच. हातात हात नाही, पाऊस नाही, काही नाही. चेन आणि ग्रीस. माझी लव्हस्टोरी गॅरेजमधली आहे.

आणि ती पण मी भोप्याची म्हणूनच जपली. मला तो ओंकार व्हायला नकोच होता. मला तो ग्रीसवाला आणि दचकणाराच हवा होता. हे लिहिलं आणि वाटलं, हो, असंच आहे. मग लगेच वाटलं, कशावरून? तिने नाव बदललं नसतं तर मला आज एवढं काही झालं असतं का? गेल्या मेपासून आजपर्यंत मी किती दिवस त्याचा विचार करत बसले? खरं सांगायचं तर फार नाही. अकरावी, क्लास, बाबांचं ते सगळं. मधे तर आठ आठ दिवस मी त्याच्याशी जर्नल सोडून काही बोलले नव्हते. म्हणजे मला तो हवाय का मला तिसरी व्हायचं नाहीये? हा प्रश्न मी मघाशी तीनदा लिहिला आणि तीनदा खोडला, तिसऱ्यांदा पान फाटलं.

अजून एक आहे. ते लिहायचं नव्हतं पण साडेबाराला लिहायचं नाही तर कधी. दिवाळीत भोप्याने मला विचारलं होतं. किल्ल्याला माती भिजवत होतो, तो खाली मान घालून म्हणाला, "सानी काय म्हणते गं माझ्याबद्दल?" मी म्हटलं काही नाही. तो म्हणाला काहीच नाही? मी म्हटलं काहीच नाही, तू काय पंतप्रधान आहेस? खरं तर त्याच्या आदल्या दिवशीच सानी म्हणाली होती की भोप्या उंच झालाय ना. एवढंच म्हणाली होती. आणि मी ते सांगितलं नाही. चार महिने झाले, मी ते खिशात घालून फिरतेय. तर "आईचा असेल" म्हणून तिच्यावर मी कुठल्या तोंडाने चिडू? तिने एकदा खोटं बोललं, मीपण एकदा. एक-एक बरोबरी. फक्त तिच्या खोट्याला फोन येतो आणि माझं तसंच पडून आहे.

लागत असेल. पाण्याने भिंतीला लागतच असेल.

छे, हे जरा जास्तच झालं. शांता मॅडम असत्या तर लाल पेनने "अतिशयोक्ती" लिहिलं असतं.

मघाशी उठून जुना अल्बम काढला. बालवाडीच्या गॅदरिंगचा फोटो आहे त्यात, "चल रे भोपळ्या टुणूक टुणूक" केलं होतं त्याचा. भोप्या भोपळा, नारिंगी क्रेप पेपरात गुंडाळलेला, नुसते दोन डोळे दिसतायत आणि रडतोय. मी म्हातारी, डोक्याला कापूस चिकटवलेला, तेव्हापासून मी आज्जी. त्याच्या मोबाईलमधे मी "आज्जी" आहे आणि त्याची खरी आजी "आज्जी घर", हे मी स्वतः बघितलंय. आणि सानी वाघ. तिच्या मिशा काजळाच्या. गोष्टीत काय होतं, वाघ म्हणतो म्हातारे म्हातारे तुला खातो, म्हातारी म्हणते लेकीकडे जाईन, तूप रोटी खाईन, जाडजूड होईन, मग मला खा. आणि येताना भोपळ्यात बसून टुणूक टुणूक निसटते. वाघ बसतो हात चोळत.

आमच्या वाघाने म्हातारीकडे बघितलंसुद्धा नाही. भोपळाच घेऊन गेला.

हे सुचलं आणि मी एकटी इतकी हसले की उशी तोंडावर धरावी लागली. आणि गंमत म्हणजे हे सांगावंसं वाटलं ते दोघांनाच. दुसरं कोण आहे ज्याला हे कळेल? ज्यांच्यावर रडायचं त्यांनाच जोक सांगायचा, अशी माझी अवस्था. आमच्या गावात माणसं कमी आहेत हाच खरा प्रॉब्लेम आहे. पुण्यात असते तर दुसरा ग्रुप केला असता. इथे ग्रुप बदलायचा म्हटलं तरी भाजी आणायला त्याच मंडईत जायचंय, घाटावर तेच, उत्सवात तेच, उद्या दुसऱ्या आळीचा मांडव, तिथे पुन्हा तीच आमटी आणि तीच बादली.

मग मी एक प्रयोग केला. माझ्या मोबाईलमधे भोप्या खोडून ओंकार लिहिलं. बघितलं कसं दिसतं ते. डीपी तोच, तो पाचगणीच्या टेबल लँडवरचा, घोड्याचं तोंड त्याच्यापेक्षा मोठं आलेला. वर ओंकार. खूप वेळ बघितलं. उंच झालाय खरा. केसपण बरे कापलेत. चांगला आहे दिसायला, म्हणजे कुणी नवीन मुलगा म्हणून बघितला तर. पण मला नवीन म्हणून बघताच येईना, मला दर वेळी त्या डोळ्यांभोवती नारिंगी क्रेप पेपर दिसतो. सानीला दिसत नसेल का? का दिसत असूनही तिने बाजूला केला? कसा केला? कुठून फाडला?

झोपते आता. उद्या पहिलं लेक्चर आहे.

*

सकाळचे सात. रात्री नाव परत बदलायचं विसरले. आत्ता डोळे चोळत फोन बघितला तर ओंकारचा मेसेज. एक सेकंद, खरंच एक पूर्ण सेकंद, छातीत धडधडलं. म्हटलं कोण हा? मला कशाला?

"ए आज्जी बायोचं जर्नल झालं का. कांद्याच्या मुळाची आकृती काढून दे ना प्लीज माझी बटाट्यासारखी आलीय"

हार्टची आकृती असती तर मी देवावर विश्वास ठेवला असता. पण कांदा. आमच्या नशिबात कांदा, तोपण मुळाकडून.

खाली अजून एक होता. "आणि काल घाटावर दिसलीस पण बोलली नाहीस. काय झालंय"

ह्याचं काय उत्तर द्यायचं ते वीस मिनिटं सुचत नाहीये. "सानीचा फोन माझ्याकडे होता" असं टाईप केलं. खोडलं. "ती म्हणाली होती तू उंच झालायस, दिवाळीत" असं टाईप केलं. ते अजून खोडलं नाहीये, पाठवलंपण नाहीये, तसंच बसलंय तिथे. आई ओरडतेय अंघोळीला जा म्हणून.

नाव मात्र बदललं परत. भोप्या. आणि पेन्सिल शोधली, एचबी नाही, टूबी, त्याला गडद लागतात.