निजो किल्ल्यातली रात्रीची हानामी

क्योटोत मार्चच्या अखेरीस सूर्य सव्वासहाच्या सुमारास मावळतो. निजो किल्ल्यातला रात्रीचा साकुरा सोहळा, म्हणजे चेरीच्या फुलांचा सोहळा, बघायचा तर सगळी आखणी या एका वेळेभोवती करा. किल्ला दिवसाच्या पाहुण्यांसाठी पाचला बंद होतो आणि वेगळ्या तिकिटावर संध्याकाळी पुन्हा उघडतो. म्हणजे दुपारी शिरून अंधार पडेपर्यंत आत थांबता येत नाही. किल्ल्यातला निनोमारू राजवाडा बघायचा असेल तर चारच्या आत प्रवेश घ्या, मग तोझाई मेट्रोच्या निजोजो-माए स्थानकाच्या आसपास खाऊन परत या. हानामी म्हणजे फुलं बघण्याची सहल, पण आत चटई पसरून डबे उघडायची हानामी नाही. ती हवी असेल तर मारुयामा बागेत जा.

हा किल्ला शोगुन तोकुगावा इएयासूने 1603 मध्ये बांधून घेतला. अलीकडच्या वसंतांत इथली प्रकाशरचना 'नेकेड' या टोकियोच्या स्टुडिओने केली. 2012 मध्ये टोकियो स्टेशनच्या इमारतीवरचं गाजलेलं प्रोजेक्शन मॅपिंगही, म्हणजे वास्तूच्या आकाराशी जुळवून तिच्यावर फेकलेली चित्रंही, यांचीच. मांडणी दरवर्षी बदलते, झाडं मात्र तीच असतात: सुमारे 50 जातींची 300.

म्हणून आमचा आग्रह आहे, आधी झाडं, मग भिंतींवरची चित्रं. मावळतीनंतरचा अर्धा तास आकाश गडद निळं असतं आणि त्यावर खालून उजळलेल्या फांद्या सुट्या दिसतात. पूर्ण काळोख झाला की मागचं सगळं बुडतं आणि फुलांचा नुसता ढग उरतो. सोमेइयोशिनो या चेरीच्या जातीच्या पाकळ्या जवळपास पांढऱ्या असल्याने टाकाल तो रंग घेतात. सातोझाकुरा, म्हणजे उशिरा फुलणाऱ्या बागायती चेरी, यातल्या दाट गुलाबी, बहुपाकळ्यांच्या फुलांवर निळा झोत पडला की ती मळकट दिसतात. हिरवट फुलांची ग्योइको ही जात तर दिवसाच बघावी, रंगीत उजेडात तिचं वेगळेपणच हरवतं.

अंधार पुरता दाटला की कारामोन दारासमोर उभं राहावं. सायप्रसच्या सालींचं छप्पर, कोरलेले करकोचे, सोन्याचा मुलामा, असं हे दार 2013 मध्ये नव्याने रंगवून झालं. मॅपिंगसाठी असा पृष्ठभाग अवघड. सोनं उजेड परत फेकतं, काळसर साल तो गिळते, आणि कोरीवकाम खोल असल्याने चित्र थोडं जरी सरकलं तरी करकोच्याचा पंख भलत्याच जागी रंगतो. अगदी बाजूला उभं राहिलात तर ही जुळणी तिरपी दिसते. दाराच्या मध्यरेषेवर, थोडं मागे थांबा. चित्र जेव्हा दाराच्या रेषांमागून चालतं तेव्हाच ते खरं वाटतं. नुसत्या पाकळ्यांचा पाऊस पाडलेला भाग आम्हाला उसना वाटतो, कारण पंधरा पावलांवर खरा हानाफुबुकी, म्हणजे पाकळ्यांचं वादळ, चालू असतं.

याच स्टुडिओची डँडेलियनच्या फुलाची मांडणी त्या वर्षी असली तर मात्र चुकवू नका. पाहुण्याच्या कृतीने तिच्यातून म्हातारी उडते, आणि ती इतर शहरांतल्या तशाच फुलांशी जोडलेली आहे.

फोटोंसाठी ट्रायपॉड नेऊ नका, वापरू देत नाहीत. मॅपिंगचे फोटो पट्ट्यापट्ट्यांचे येतात, कारण अनेक प्रोजेक्टर रंग एकामागून एक फेकतात आणि झटपट शटर त्यातला एखादाच पकडतं. क्योटोची वीज 60 हर्ट्झची; शटर 1/60 किंवा त्याहून सावकाश, आयएसओ 1600 ते 3200, आणि इलेक्ट्रॉनिकऐवजी मेकॅनिकल शटर. व्हाइट बॅलन्स 4000 केल्विनवर बांधून टाका, नाहीतर कॅमेरा प्रत्येक दृश्यागणिक रंग 'सुधारत' बसतो.

पायाखाली खडी आहे. बाबागाडीची चाकं रुततात, टाचांचे बूट तर नकोच. या दिवसांतल्या गारठ्याला जपानी लोक 'हानाबिए' म्हणतात, फुलांच्या दिवसांतली थंडी. एक जाड थर अंगावर हवा. पाऊस असेल तर छत्रीऐवजी रेनकोट घ्या, म्हणजे मागच्याला दार दिसेल. ओल्या खडीवर रंग उतरतात ते बघायला तर मुद्दाम पावसातच यावं.

सोमेइयोशिनोचा बहर आठवडाभरच टिकतो. तो हुकला तरी तिकीट रद्द करू नका. एप्रिलच्या मध्यापर्यंत इथे सातोझाकुरा फुललेली असते.