आमची वाटचाल: जुन्या टेबल सॉची अलाइनमेंट

सुरुवातीला आमच्या वर्कशॉपमध्ये जुन्या टेबल सॉचं (टेबलातून वर आलेल्या गोल पात्याने लाकूड कापणाऱ्या मशीनचं) काम म्हणजे मोटर, बेअरिंग आणि बेल्ट एवढंच होतं. सागवानी चौकटी करणाऱ्या सुतारांना तेवढं पुरायचं, कारण कापलेल्या कडेवर नंतर रंधा फिरतोच. मायका लावलेल्या प्लायची मॉड्युलर किचन आली तशी मागणी बदलली. तिथे कापलेल्या कडेवर थेट एजबँड (कड झाकणारी पट्टी) बसतो. पात्याचे मागचे दात जरा जरी घासले तरी मायका फुटतो. आज आमच्याकडे अलाइनमेंटचंच, म्हणजे पातं टेबलावरच्या खाचेला समांतर आणण्याचं, काम जास्त असतं.

मशीन घेताना टेबलाखाली टॉर्च मारून ट्रनियन (पातं धरणारा आणि कलवणारा आधार) पाहतो. बिडाच्या या भागाला तडा असेल तर मशीन घेत नाही. इथे वेल्डिंगचा भरवसा नाही. टेबलावरचा गंज काळजीचा नसतो. रॉकेल, २२० नंबरचा पॉलिश पेपर आणि वर मेण, झालं. सिलिकॉनचा स्प्रे मात्र मारू नये. तो लाकडाला लागला की पॉलिश नीट धरत नाही.

बेअरिंग बदलल्यावर स्पिंडलच्या (पातं बसतं त्या दांड्याच्या) फ्लँजवर, म्हणजे पातं टेकतं त्या चकतीवर, डायल गेज (बारीक फरक दाखवणारं काट्याचं मापयंत्र) लावून स्पिंडल हाताने फिरवतो. काटा ०.०३ मिमीपेक्षा जास्त हलला तर पुढे जात नाही, कारण १२ इंची पात्याच्या दातापर्यंत तोच फरक साधारण चौपट होतो. पुष्कळदा स्पिंडल सरळच असतो, फ्लँजवर भुशाचा चिकट थर बसलेला असतो. तो काढून ऑइलस्टोन फिरवला की काटा स्थिरावतो.

मग खरं काम. फ्यूज काढून ठेवायचा. पात्याच्या एका दातावर मार्करने खूण करायची आणि गेज मायटर स्लॉटमधल्या (टेबलावर पात्याच्या बाजूने जाणाऱ्या खाचेतल्या) पट्टीवर बसवायचा. पुढे माप घ्यायचं, पातं फिरवून तोच दात मागे आणायचा, पुन्हा माप. दात तोच असल्याने पात्यातला बाक मापात येत नाही. फरक ०.१ मिमीच्या आत चालतो, आम्ही ०.०५ पर्यंत आणतो. त्यासाठी ट्रनियनचे तीन बोल्ट सैल, चौथा जेमतेम धरलेला, आणि लाकडी ठोकळ्यावर हलके ठोके. आवळताना काटा पुन्हा सरकतो, म्हणून बोल्ट थोडे थोडे, समोरासमोरचे आवळत प्रत्येक फेरीला माप बघायचं. शेवटी पातं ४५ अंशांत कलवून तीच तपासणी. तिथे फरक आला तर टेबल आणि ट्रनियनमध्ये पितळी शिम (पातळ पट्टी) घालावी लागते.

फेन्स (लाकूड टेकवून सरकवायची पट्टी) नेहमी पात्यानंतर. ती स्लॉटला समांतर, मागे ०.१ मिमी मोकळी ठेवतो. मागे आत आली तर लाकूड चेपतं आणि उसळून माणसाच्या अंगावर येतं. जुन्या मशीनवर रायव्हिंग नाइफ (पात्यामागे काप उघडा ठेवणारी पट्टी) हमखास गायब असते. ती बसवल्याशिवाय आम्ही मशीन देत नाही. पात्याची प्लेट २.२ आणि काप ३.२ मिमी असेल तर नाइफ २.५ मिमी जाडीची लागते.

गिऱ्हाइकाकडे तीन फेज जोडताना पातं न लावता मोटरची दिशा पाहतो. उलटी फिरली तर नट सुटू शकतो. दोन वायर अदलाबदल केल्या की दिशा बदलते. फरशी उंचसखल असेल तर स्टँड पिळतो आणि मापं हलतात. म्हणून चारही पाय टेकवून पुन्हा माप घेतो आणि पुढचा-मागचा आकडा बिलावर लिहून देतो.